तोंड बघून गळ

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर बाबांच्या तोंडी फक्त आकडे राहिले. बाकी सगळी भाषा गेली. घरातली मराठी गेली, ऑफिसातली तेलुगू गेली, दोस्तांशी आयुष्यभर बोललेली दखनी गेली. शिव्यासुद्धा गेल्या, आणि आमच्या बाबांच्या शिव्या म्हणजे मुद्दाम ऐकाव्यात अशा होत्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की शब्द जातात, पण लहानपणी घोकलेलं कधीकधी टिकून राहतं. कुणाची आरती राहते, कुणाचे वार राहतात. आरती राहिली असती तर आईला बरं वाटलं असतं. राहिले ते आकडे, आणि तेही ओळीनं नाहीत.

मी दिलसुखनगरच्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवते. आयुष्य आकड्यांत गेलंय, म्हणजे आकड्यांना घाबरण्याचं मला कारण नव्हतं. उलट सुरुवातीला मला हुरूपच आला. म्हटलं, शब्द नाहीत तर नाहीत, आकडे आहेत ना, मग यांच्याशी बोलणारी या घरात मीच. आई, बाबा आणि मी, तिघंच आम्ही, मलकपेठच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. सकाळी आई त्यांना बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसवायची. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर. व्यायाम करून घेणारी पोरगी आली की ते तिच्याकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "दहा." दूधवाला आला की "चार." टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई दिसली की "बारा." मी त्यांच्यासमोर गेले की "दोन."

मी आठवडाभर डोकं फोडलं. वय म्हणावं तर नाही, घराचे नंबर म्हणावे तर नाही. एकच गोष्ट लक्षात आली, की सगळे आकडे सम होते. पाच नाही, सात नाही, नऊ नाही. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई गं, तुझं गणित तुझ्याजवळ ठेव, त्यांना आधी दोन घास खाऊ दे."

आईला ते "चौदा" म्हणायचे. रोज, न चुकता, ती समोर चमचा घेऊन बसली की आधी चौदा, मग घास.

हे कोडं सोडवलं चाचांनी. चाचा म्हणजे बाबांचे मासेमारीचे जोडीदार. दोघं एकाच ऑफिसात होते आणि दर रविवारी एका स्कूटरवर शहराबाहेरच्या तलावावर जायचे, ते थेट झटका येईपर्यंत. चाचा हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन आले, दोस्तासमोर बसले, आणि बाबा म्हणाले, "सहा." चाचा स्वतःच्या जबड्यावरून हात फिरवत खो खो हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"कांटे के नंबर बोलरै बेटा," ते मला म्हणाले. "मूं देखरै, नंबर बोलरै."

मी उठून बाबांचं पानदान काढलं. जुन्या बाजारातून घेतलेलं पितळी पानदान होतं ते, आणि त्यात कात-सुपारीच्या जागी नंबरवार गळ होते. कप्पे उघडले तसा लोखंडाचा आणि पेंडीचा जुना वास आला. हे मला आधी कसं सुचलं नाही कोण जाणे. लहानपणी मीही तलावावर गेलेय त्यांच्याबरोबर. काठावर बसून शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे वळलेत. तेव्हा एकच धडा ते पुनःपुन्हा द्यायचे: माशाचं अंग बघू नको, तोंड बघ. हातभर रोहू असतो, पण त्याचं तोंड खाली वळलेलं, ओठाला झालर, तळातलं चोखून खाणारं. त्याला मोठा गळ दिलास तर तो ओठानं चाचपेल आणि निघून जाईल. मरळ बोटभर जाडीची का असेना, तिचं तोंड म्हणजे चोराची पिशवी, ती झडप घालते, तिला बारीक गळ दिलास तर सरळ करून टाकेल. लहान तोंडात मोठा गळ गेला की ओठ फाटतो. मोठ्या तोंडात लहान गळ गेला की मासा तो पोटात घेतो, मग सोडायचा म्हटला तरी सुटत नाही. गळ माशाच्या तोंडाचा घ्यावा, आपल्या हौसेचा घेऊ नये.

आणि नंबरांचं उलटं असतं. आकडा जितका मोठा, गळ तितका लहान. सोळा म्हणजे नखाएवढा. दोन म्हणजे चांगला बोटाच्या पेराएवढा. एकच्याही खाली गेलं की शून्याचे गळ येतात, ते सगळ्यात दांडगे. ते फक्त मरळीसाठी, आणि बाबा ते क्वचितच काढायचे.

तर चाचांचं म्हणणं बरोबर होतं. व्यायामवाल्या पोरीचं तोंड नाजूक, दहा. दूधवाल्याचा जबडा दांडगा, चार. मला दोन. आई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "बडबड्या माणसाचं तोंड मोठंच असायचं," ती म्हणाली. "मला बघ, चौदा. मी बोलतेय का कधी कुणाला काही?" मी म्हटलं, हौ, तुझं तर मौनव्रतच आहे. तेवढा एक दिवस घरात सण असल्यासारखं वाटलं. बाबा आतमध्ये आहेत, त्यांना दिसतंय, ते माप घेताहेत, म्हणजे त्यांचं डोकं चालू आहे. मी पेढे आणले.

पण एकदा कळलं की मग ते विसरता येत नाही. आपण कुणाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघतो. बाबा तोंडात बघायचे. समोरचा माणूस बोलायचा थांबला, गेला, दार लागलं, तरी त्यांची नजर त्याच उंचीवर राहायची. मला माझ्याच तोंडाची जाणीव व्हायला लागली. जेवताना त्यांच्याकडे पाठ करून बसायला लागले मी. वर्गात फळ्याकडून मागे वळले की पहिल्या बाकावरच्या पोरांची तोंडं दिसायची, आणि मनात आपोआप नंबर यायचे. असलं वेड लागायला वेळ लागत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तेलुगू मास्तर राहायचे, रिटायर झालेले. भला माणूस. रोज संध्याकाळी पेपर घेऊन वर यायचे आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. बाबांनी त्यांना पहिल्यापासून आठ नंबर दिला होता. थंडी सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "सहा." मला वाटलं, चुकले. दोन-चार दिवसांनी "चार." मास्तर पेपर वाचत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते वर आले, बसले, चष्मा पुसला, आणि बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाले, "शून्य."

हा आकडा त्यांच्या तोंडून तोवर कधी आला नव्हता. मास्तरांनी मान डोलावली आणि हेडलाइन वाचायला घेतली. त्यानंतर ते वर आलेच नाहीत. झोपेतच गेले.

मी मनाला म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. गणित शिकवणारी बाई आहे मी, दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून एकीनं दुसरी होत नाही, हे मी पोरांना छडी न घेता पटवून देते. मग आमच्याच मजल्यावरच्या भाडेकरूंची म्हातारी आई, ती लिफ्टसाठी आमच्या दाराशी थांबली होती. आमचं दार उघडं होतं. आतून बाबांचा आवाज आला, स्वच्छ, "शून्य." तिच्या सुनेनं विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, काही नाही, ते असंच बोलतात. महिन्याच्या आत त्या घरी पांढऱ्या चादरीवर माणसं बसली होती.

आता बिल्डिंगीत काही लपून राहतं का? व्यायामवाल्या पोरीनं वॉचमनच्या बायकोला सांगितलं, तिनं सगळ्यांना. आमच्या जिन्यात लोक पुन्हा मास्क लावून जायला लागले. करोना जाऊन किती दिवस झाले, पण आमच्या मजल्यावर आलं की हात खिशात, मास्क तोंडावर. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून पळायचा. व्यायामवाली पोरगी ओढणी नाकापर्यंत बांधून यायची आणि बाबांच्या मागे उभी राहून त्यांचा हात हलवायची. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगते, मला त्यांचा हेवाही वाटायचा. त्यांना चार पावलांत जिना ओलांडता येत होता. मला तिथेच राहायचं होतं.

वर कहर म्हणजे, एक दिवस शेजारच्या गल्लीतली बाई आपल्या सासूला धरून दाराशी आली. म्हणाली, जरा तुमच्या वडिलांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं? तर म्हणे, किती दिवस आहेत ते कळलं तर मुलाला दुबईहून बोलवायचं का ते ठरवता येईल. सासू बिचारी ओठ घट्ट मिटून उभी. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बाई, हा दवाखाना नाही आणि देऊळही नाही, माझा बाप आहे हा. दार असं आपटलं की आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

त्या दिवशी मी चाचांना फोन करून बोलावून घेतलं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुला उन्हाळ्यातली तलावाची पहाट आठवते का?

आठवत होती. मे महिन्यात पाणी उतरतं, तापतं, घाण होतं. पहाटे त्यात हवा राहत नाही. मग मासे वर येतात आणि पाण्याच्या रेघेशी तोंड वासून उभे राहतात. शेकडो तोंडं, गोल, काळी, उघडमीट करणारी, आणि आवाज नाही. नवखे लोक आनंदानं वेडे व्हायचे, की वा, आज तर खच पडलाय, आणि गळ टाकायला धावायचे. बाबा आणि चाचा दोऱ्या गुंडाळून मागे बसायचे. वासल्या तोंडात गळ टाकायचा नाही, असा त्यांच्यातला नियम होता. काठावरच्या जुन्या लोकांचाही होता. जो भुकेनं तोंड उघडतो त्याला गळ, जो श्वासासाठी उघडतो त्याला नाही.

"दम लगरा तो आदमी मूं से सांस लेता," चाचा म्हणाले. "मूं खुला दिखता तो इनकु बड़ा कांटा दिखता. बस इतनाच है."

इतकंच. मास्तरांना धाप लागत असणार, पेपर वाचताना ते मध्ये मध्ये थांबायचे, आम्हाला वाटायचं चष्म्यामुळे. म्हातारीही तोंडानं श्वास घेत उभी होती. आम्ही कुणी बघितलं नाही, बाबांना तेवढंच दिसत होतं. मला एकदम हलकं वाटलं. भूत नाही, शाप नाही, नुसतं निरीक्षण. चाचांना मी जेवूनच जा म्हटलं. रात्री छान झोप लागली मला, आणि त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कारण चाचांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की बाबांचे आकडे खरे असतात.

ते माझ्या लक्षात आलं तेव्हा आई समोर बसली होती. गच्चीवरून वाळलेल्या मिरच्या सुपात घेऊन ती खाली आली, खुर्चीजवळच्या वेताच्या मोड्यावर टेकली, आणि बाबा म्हणाले, "दहा."

मी पोळ्या करत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. चौदाचे दहा कधी झाले? मधलं बारा कुठे गेलं? मी बाहेर येऊन विचारलं, "आई, काल काय म्हणाले होते गं तुला?"

"चौदा," आई म्हणाली. "नेहमीचंच."

"आज दहा म्हणाले."

"तुझे कान वाजले असतील." आणि ती मिरच्यांचे देठ खुडायला लागली.

आई खोटं बोलत नाही असं मी आयुष्यभर समजत होते. त्यानंतर मी तिच्यावर पाळत ठेवली. पोरांना टेस्ट देऊन लवकर घरी यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि पाय न वाजवता आत यायचे. तर दिसलं काय, आई बाबांना भरवताना तोंडावर पदर धरून बसलेली. घर आमचं, नवरा तिचा, दुपारची वेळ, आणि ती परक्या माणसासमोर बसावं तशी पदर दातात धरून. बाबा मान पुढे काढून त्या पदराकडे बघत होते. डावा हात उचलून पदर ओढायला बघत होते आणि ती हात बाजूला सारत होती. मला ते बघवेना. मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि पुन्हा चपला वाजवत आले.

मग बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. ती आताशा दोन उशा घेऊन बसून झोपायची, म्हणायची पाठ दुखते. मंडईत जाणं तिनं बंद केलं होतं, सगळं फोनवरून मागवायची, म्हणायची मजा वाटते मला त्या फोनची. पावलं सुजलेली, म्हणून चपला माझ्या घालायची. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि मी आकडे मोजत बसले होते.

"उद्या दवाखान्यात जायचं," मी म्हटलं.

"नक्को."

"नक्को काय? श्वास पुरत नाही तुला."

"मग काय झालं? वय झालं." ती आवाज न चढवता म्हणाली, "मला तिथे ठेवून घेतलं तर यांना कोण बघणार? तू? तू सकाळी जातेस ती रात्री येतेस. यांना कोण हातानं भरवणार, कोण कूस बदलणार? मला काही झालं तर यांचं काय होईल, ते मला माहीत आहे. तेव्हा मला काही झालेलं नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडले, ओरडले, तीन दिवस अबोला धरला. रागाच्या भरात मी बाबांची खुर्ची उलटी करून भिंतीकडे तोंड करून ठेवली, की बघूच नका तिच्याकडे. ते भिंतीकडे बघत बसले. थोड्या वेळानं भिंतीकडे बघतच म्हणाले, "सहा." आई मागे स्वयंपाकघरात होती. तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, बारीक शिटीसारखा. मी खुर्ची परत फिरवली आणि बाबांचे पाय धरले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

नंतरच्या सकाळी आईनं लापशी केली, चमचा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. "अहो, घ्या ना," आई म्हणाली. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, ओठ घट्ट मिटून. तिनं दुसऱ्यांदा चमचा नेला तर त्यांनी डाव्या हातानं तो उडवला. लापशी भिंतीवर, आईच्या साडीवर. बाबांनी आयुष्यात ताटाला कधी पाय लावला नाही, अन्न उडवणं तर लांबच. आणि मग ते बोलले. "एक." पुन्हा, "एक." मग खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत, "एक, एक, एक." एकच्या खाली काय असतं ते त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आई खाली बसली, तिथेच फरशीवर. पदर सावरायचंही भान तिला राहिलं नाही. तिचं तोंड उघडं होतं आणि ती मे महिन्यातल्या त्या पाण्यात उभी असल्यासारखी हवा ओढत होती. मी चाचांना फोन केला, म्हटलं असाल तसे या, बाबांजवळ बसा, आणि तिला धरून रिक्षात घातलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "त्यांनी काही खाल्लं नाही गं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, छातीवर यंत्र फिरवलं. हृदयाची झडप अरुंद झाली होती आणि फुफ्फुसात पाणी साठलं होतं. त्या म्हणाल्या, आणखी थोडे दिवस काढले असते तर आम्हाला काही करता आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, धाप लागतेय हे तुमच्या कधी लक्षात आलं? चौदावरून दहावर आले तेव्हा, असं त्यांना कसं सांगणार? "बाबांच्या लक्षात आलं," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं."

आई दवाखान्यात होती तेवढे दिवस बाबा एकही आकडा बोलले नाहीत. चाचा दिवसभर यायचे, त्यांच्या मांडीवर पानदान ठेवून गळ पुसत बसायचे, नंबर विचारायचे, चिडवायचे. काही नाही. मी भरवायचे तर तोंड उघडायचे, गिळायचे, पण माझ्या तोंडाकडे बघायचे नाहीत. दाराकडे बघायचे. मला वाटलं, गेले, तेही गेले आता. सगळ्या शब्दांनंतर आकडेही गेले. ऑपरेशन नीट झालंय, आई घरी येतेय, असं त्यांना शंभरदा सांगितलं. कळलं की नाही, देव जाणे.

आईला घरी आणलं ती संध्याकाळची वेळ होती. लिफ्टपासून दारापर्यंतचं चालणंही तिला जड गेलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, दम भरून यायला काही आठवडे लागतील, घाबरू नका. ती बाबांच्या खुर्चीजवळ आली, मोड्यावर टेकली, आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिली. तिनं पदर लावला नाही. कदाचित तेवढी ताकद नव्हती, कदाचित आता लपवायचं काही राहिलं नव्हतं.

बाबांनी मान वळवून तिच्या तोंडाकडे बघितलं. मी दवाखान्याची पिशवी हातात घेऊन दाराशीच उभी. मी देवाला म्हटलं, काहीही बोलू दे यांना, पण तो आकडा नको. तेवढा एक नको.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी डावा हात दांड्यावरून उचलला, पुढे नेला आणि तळवा आईच्या हनुवटीखाली लावला. मग हळूच वर दाबला. आईचे ओठ मिटले. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, सगळा जोर लावून.

आईनं नाकानं श्वास घेऊन बघितला. एकदा, दोनदा. तिला पुरेना. "अहो, सोडा," ती त्यांच्या बोटांमधून म्हणाली. "श्वास घेऊ द्या मला."

ते सोडेनात. मी पिशवी टाकून धावले आणि त्यांचं मनगट धरलं. तेव्हा मला दिसलं की ते रडताहेत. आवाज नव्हता. अर्धांगानं एका बाजूला ओघळलेलं त्यांचं तोंड सताड उघडं होतं, आणि ते त्या तोंडानं श्वास ओढत होते, छाती वरखाली होत होती. इतके महिने सगळ्यांची तोंडं बघून झाली होती माझी. दूधवाल्याची, शेजाऱ्यांची, वर्गातल्या पोरांची. बाबांचं तोंड मी एकदाही बघितलं नव्हतं. नंबर मला लगेच कळला. न कळण्यासारखा नव्हता.

आईनं ते कधीपासून बघितलं होतं, कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर नवल काहीच नव्हतं. तिनं सलाईनच्या सुयांनी काळानिळा पडलेला हात उचलला, पदरानं त्यांच्या ओठाची कड पुसली आणि त्यांच्या हनुवटीखाली हात लावला.

"माझं काय धरून बसलात," ती म्हणाली. "तुमचं मिटा आधी."

त्यांची बोटं जराशी सैल झाली, पण हात निघाला नाही. तिनंही काढला नाही. मी मनगट सोडून दिलं आणि दोघांच्या मध्ये खाली बसले.